आजच्या दिवसाची चिंता : ‘स्मृतिचित्रे’ सुरतेत वाचताना

दुःखाच्या काळी मंडळीस धीर देण्याकरिता आपल्या व्यासपीठांवरून जे उपदेश होतात, त्यांत ‘उद्याचे उद्या पाहू, आज जगा’ हा उपदेश फार जुना व फार आवडता आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील पाखरांचा व रानफुलांचा दाखला घ्यावयाचा, मनुष्याच्या काळजीने काही साधत नाही हे पटवावयाचे, आणि पुढचे सारे देवाच्या हाती सोपवून आशीर्वाद द्यावयाचा, असा या उपदेशाचा ठरलेला साचा आहे. तो खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु तो कोणास केला जातो, घरातील कोणत्या माणसाची काळजी त्याने हलकी होते आणि कोणाची वाढते, याचा विचार क्वचितच होतो. तो विचार प्रस्तुत लेखात करण्याचा आमचा मानस आहे.

त्यासाठी आम्ही एक ग्रंथ व एक शहर निवडले आहे. ग्रंथ लक्ष्मीबाई टिळकांचा ‘स्मृतिचित्रे’ हा होय. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठी साहित्याचे भूषण मानले जाते. आपल्या पाळकांच्या व धर्मशिक्षकांच्या घरी ते बहुधा असतेच. मात्र त्यातील गमतीच्या प्रसंगांपलीकडे आपण फारसे जात नाही. शहर सुरत होय. लक्ष्मीबाईंच्या चरित्राशी सुरतेचा संबंध आम्ही जोडू पाहत नाही. तेथील मराठी वस्तीत ‘आजचा दिवस’ हा शब्द ज्या अर्थाने जगला जातो, त्या अर्थाच्या कसोटीस हा ग्रंथ लावून पाहावा, एवढाच आमचा हेतू आहे.

सुरतेतील मराठी माणूस पुष्कळ अंशी खानदेशातून आलेला आहे. जळगाव, अमळनेर, नंदुरबार, नवापूर, व्यारा अशी गावे घेत तापीच्या खोऱ्यातून सुरतेस पोचणारा लोहमार्ग ही त्याची वाट. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत त्याने घर केले. यंत्रमाग, कापड रंगविण्याचे व छापण्याचे कारखाने, बांधकाम, हातगाडी यांवर त्याचे पोट चालते. घरातील बाया साड्यांना टिकल्या व लेस लावण्याचे, धागे कापण्याचे काम नगावर करतात. महानगरपालिकेने मराठी माध्यमाच्या शाळा चालविल्या आहेत. म्हणजे हा समाज येथे पाहुणा राहिलेला नाही. तरीही त्याच्या बोलण्यात ‘घर’ येथे असते आणि ‘गाव’ तिकडे असते; चार पैसे गाठीला बांधले की परत जाऊ, हे वाक्य बाप बोलत असे आणि आता मुलगाही बोलतो. आजचे जिणे तात्पुरते, खरे जिणे पुढे, अशी ही मनाची मांडणी आहे. भाड्याच्या खोलीची भिंत रंगवावयाची नाही, शेजाऱ्याशी फार गुंतावयाचे नाही, मंडळीत नाव नोंदवावयाचे ते गावाकडच्या मंडळीतच ठेवावयाचे, या सर्व गोष्टी त्या मांडणीतूनच येतात.

संकटांनी ही मांडणी अधिक पक्की केली. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी पसरली आणि थोड्याच दिवसांत लाखो माणसांनी सुरत सोडली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले आणि मजुरांनी पुन्हा गावाची वाट धरली. प्रत्येक वेळी माणसे परतली, कारण गावी शेत अपुरे व काम नव्हते. जाणे आणि येणे यांच्या मधल्या वर्षांना आपले आयुष्य म्हणावे की नाही, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

अशा श्रोत्यास ‘आज जगा’ असे सांगताना उपदेशकाने दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली ही की, रोजंदारीचा मनुष्य आजच्या दिवसात आधीच कोंडलेला असतो. ज्याला उद्याची तजवीज करण्याची ऐपतच नाही, त्याला उद्याचा विचार सोड म्हणणे हे सांत्वन होत नाही. दुसरी ही की, उद्याची काळजी घरात सर्वांस सारखी वाटून दिलेली नसते. एकाने ती टाकली की बहुधा दुसऱ्याने ती उचललेली असते.

आता मूळ वचनाकडे वळू. मत्तयाच्या या अध्यायात पंचविसाव्या वचनापासून चौतिसाव्यापर्यंत ‘चिंता करणे’ या अर्थाचे ‘मेरिम्नाओ’ हे ग्रीक क्रियापद सहा वेळा आले आहे. प्रभूने निषेध केला तो याच क्रियेचा. परंतु हेच क्रियापद पौलाने अन्यत्र स्तुतीच्या अर्थाने वापरले आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तीमथ्याची शिफारस करताना, तुमची मनापासून काळजी वाहील असा दुसरा कोणी माझ्यापाशी नाही, या आशयाचे जे वाक्य आहे, तेथे हाच शब्द आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात शरीराच्या अवयवांनी एकमेकांची काळजी घ्यावी असे सांगताना पुन्हा हाच शब्द येतो. यावरून असे दिसते की, नव्या करारास काळजीचे वावडे नाही. माणसाच्या ठायी काळजी वाहण्याची जी शक्ती आहे, ती अद्याप न आलेल्या दिवसावर खर्च होऊ नये, जवळच्या माणसाच्या कामी यावी, असा हा रोख आहे. पाखरांच्या दाखल्यावरून निष्काळजीपणाचा उपदेश काढणे हे त्या उताऱ्याचे अर्धेच वाचन ठरते.

साठवणीविषयीही असेच. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्ना रोजचा रोज गोळा करावयाचा होता, अधिक ठेवला तर तो नासे; परंतु सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा होती, कारण सातव्या दिवशी विसावा होता. म्हणजे विसाव्यासाठी केलेली तजवीज अविश्वासात जमा होत नाही. भिशी भरणाऱ्या किंवा मुलीच्या शिक्षणासाठी दर महिन्यास थोडे बाजूला टाकणाऱ्या बाईस, तू देवावर भाव ठेवीत नाहीस, असे कोणी प्रचारक म्हणेल, तर त्यास हा अध्याय दाखवावा.

आणि तात्पुरतेपणाविषयी यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय आहे. बाबेलास नेलेल्या लोकांस यिर्मयाने पत्र पाठविले ते असे की, तेथे घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्ही आहां त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. हे पत्र त्याच्या आधीच्या अध्यायासह वाचले पाहिजे. तेथे हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांच्या आत सर्व काही पूर्ववत होईल असे सांगत आहे. लोकांस तो प्रिय वाटला असेल यात नवल नाही. यिर्मया मात्र सत्तर वर्षांची भाषा बोलतो. दोघेही परतण्याचीच आशा देतात. भेद हा की, हनन्याच्या आशेने आजचा दिवस निरर्थक होतो आणि यिर्मयाच्या आशेने त्याला काम मिळते. ‘दोनच वर्षे, मग गावी’ हे सुरतेतील वाक्य ऐकताना आम्हांस हनन्याची आठवण होते. ते बोलणारा मनुष्य खोटा नसतो. त्या वाक्याने त्याची वर्षे मात्र हिरावून घेतलेली असतात.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून ‘स्मृतिचित्रे’ उघडले असता ग्रंथाचा आरंभच निराळा दिसू लागतो. लक्ष्मीबाईंचे वडील नाना गोखले यांच्या विलक्षण सोवळ्याची हकीकत वाचून आपण हसतो. घरात आलेली वस्तू धुतल्यावाचून त्यांस चालत नसे, आणि त्या धुण्यापायी सारे घर हैराण होई. परंतु लेखिकेने या सोवळ्याचे मूळ सांगून ठेविले आहे. १८५७ च्या बंडानंतर लक्ष्मीबाईंच्या मातामहांस फाशी झाली, आणि त्या धक्क्याने जावयाच्या मनाचा तोल गेला. नाना त्या एका दिवसाला चिकटून राहिले. वर्षे लोटली तरी ते तोच विटाळ धूत बसले होते, आणि बायकामुलांचा वर्तमानकाळ त्या पाण्यात वाहून गेला. भूतकाळात अडकलेल्या मनुष्याचे इतके बोलके चित्र मराठीत विरळाच असेल. आणि ते रंगविताना लेखिकेच्या मनात राग नाही, हे विशेष.

दुसरे टोक रेव्हरंड टिळकांचे. टिळक उद्याची चिंता न करणारे पुरुष होते. हातात पैसा टिकत नसे. गरजू दिसला की तो त्याच्या हाती जाई. मनात आले की ते न सांगता घर सोडून जात. पाखरांचा दाखला अक्षरशः आचरणारा मनुष्य म्हणून आपण त्यांचे गुणगान करतो, आणि ते अयोग्य नाही. परंतु ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ त्या निश्चिंतपणाचा दुसऱ्या बाजूने लिहिलेला जमाखर्च आहे. टिळक निश्चिंत राहू शकले, कारण चूल पेटविण्याची चिंता लक्ष्मीबाईंच्या पदरी होती. लेखिका हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही, गमतीने सांगते. म्हणूनच अनेक टीकाकारांनी या प्रसंगांस टिळकांच्या अव्यवहारी थोरवीचे पुरावे मानून पुढे पाऊल टाकले आहे. आमच्या मते या पानांत आपल्या व्यासपीठांवर गंभीर टीका आहे. कुटुंबातील एकाची श्रद्धा दुसऱ्याच्या श्रमावर उभी असेल, तर त्या श्रद्धेने त्या श्रमाकडे पाहण्यास शिकले पाहिजे. टिळक ते हळूहळू शिकले, हेही ग्रंथातूनच कळते.

या दोन टोकांच्या मध्ये लक्ष्मीबाई स्वतः आहेत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईस बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा सव्वीस. आधी अपत्यवियोगाचे दुःख सोसलेले. आता पती जिवंत असून दुरावलेला. पदरी लहानगा दत्तू. पुढील काही वर्षे त्यांनी पंढरपुरास व अन्यत्र नातलगांच्या आश्रयाने काढली. या काळाचे वर्णन करताना लेखिका आपले रडणे झाकीत नाही, आणि धीरोदात्तपणाचा आवही आणीत नाही. स्तोत्रसंहितेतील तेराव्या स्तोत्रात, हे कोठवर चालावयाचे, असा प्रश्न देवास चार वेळा विचारला आहे. त्या स्तोत्रकर्त्याच्या जातीचे हे लेखन आहे. आजच्या दिवसात जगणे म्हणजे आजचे दुःख नाकारणे, असा समज असेल तर तो या पानांनी दूर होतो. दुःख हेच त्या दिवसाचे सत्य होते, आणि ते त्यांनी त्या दिवशीच भोगले.

परंतु त्यांचा दिवस एवढ्यावर संपत नव्हता. मुलगा वाढवावयाचा होता, आश्रयदात्यांच्या घरची कामे होती. लिहिण्यावाचण्याचे शिक्षण बेताचे असूनही याच दुःखाच्या दिवसांत त्या पद्यरचना करू लागल्या. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, तेव्हाही श्रद्धा आधी बदलून मग आचार बदलला असे झाले नाही. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे, अशी त्यांची सुरुवात होती. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, या एका प्रश्नाशी त्या दिवसेंदिवस झगडल्या, आणि त्या झगड्यातून जातिभेदाची गाठ सुटत गेली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सर्व आयुष्याचा निर्णय एकाच वेळी करण्याचे ओझे त्यांनी घेतले नाही; समोर जो प्रश्न होता तो मात्र टाळला नाही. नवश्रद्ध स्त्रियांच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी हे प्रकरण पुनःपुन्हा वाचावे.

आणखी एक गोष्ट ग्रंथभर दिसते. लक्ष्मीबाईंच्या घरी त्यांच्याहून अधिक गरजू असे कोणी ना कोणी नेहमी असते. निराधार मुलांना त्यांनी आपल्या घरात वाढविले. पौलाने ज्या अर्थाने ‘मेरिम्नाओ’ वापरला, तोच हा अर्थ होय. उद्याची काळजी त्यांच्या मनातून गेली असे त्या कोठेही म्हणत नाहीत. तिला करावयास आज काम मिळाले, एवढेच.

गुणदोषांचा विचार करावयाचा तर या ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा अशी की, हे लेखन साठी ओलांडलेल्या स्त्रीचे आहे. ज्या दिवसांचा शेवट तिला ठाऊक आहे, त्या दिवसांविषयी ती हसू शकते. पंढरपुरास असताना हे हसू तिच्यापाशी नव्हते. म्हणून ज्याचे संकट अद्याप चालू आहे, अशा मनुष्यापुढे या ग्रंथातील विनोद ठेवून ‘बघा, त्या कशा हसत राहिल्या’ असे म्हणणे हा ग्रंथावर व त्या मनुष्यावर दोहोंवर अन्याय आहे. दुसरी मर्यादा अशी की, लक्ष्मीबाईंना आधार होता. माहेरचे व सासरचे नातलग होते, पुढे मिशनची मंडळी होती, पतीचा लौकिक होता. पांडेसऱ्यातील कारखान्यात हात गमावलेल्या मजुराच्या बायकोपाशी यांतले काय असते? ग्रंथ तिला सोबत करील. आधाराची जागा भरून काढणार नाही. ती जागा मंडळीनेच भरली पाहिजे. तिसरी मर्यादा शैलीची. प्रसंग इतक्या वेगाने येतात की, एका दुःखापाशी थांबावयास वाचकास सवड मिळत नाही. वाचनवर्गात हा ग्रंथ घ्यावयाचा तर एका वेळी एकच प्रसंग घ्यावा, आणि वाचनानंतर ताबडतोब बोध सांगू नये.

या मर्यादा मान्य करूनही ग्रंथाचे मोल कमी होत नाही, कारण त्याची साक्ष लेखिकेच्या पुढील आयुष्याने पुरी केली आहे. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अकरा अध्यायांपाशी अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या, आणि शेवटचा शहात्तरावा अध्याय त्यांचे पुत्र देवदत्त यांनी लिहिला. गेलेल्याचे स्मरण आणि पुढच्याची आशा या दोन्ही गोष्टी येथे आहेत. परंतु त्या एकत्र आल्या त्या त्या दिवशी लिहिलेल्या ओळींतून. काम आपल्या हातून पुरे होईल अशी हमी लक्ष्मीबाईंना नव्हती, आणि ते पुरे झालेही नाही. त्यावाचून त्यांचे अडले नाही.

सुरतेकडे परत वळून एका घटनेचा उल्लेख करावासा वाटतो. १९९४ च्या प्लेगनंतर, १९९५ साली महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी त्या शहराची स्वच्छता हाती घेतली. अधिकाऱ्यांनी रोज सकाळी कचेरी सोडून वस्त्यांत फिरावे, झाडलोट व कचऱ्याची उचल नेमाने व्हावी, अशी साधी शिस्त त्यांनी लावली. आणि १९९६ साली देशातील स्वच्छ शहरांत सुरतेची गणना दुसऱ्या क्रमांकाने झाली. ज्या शहरातून माणसे प्राण मुठीत घेऊन पळाली, ते शहर रोजच्या झाडूने सावरले. हे धर्मोपदेशाचे उदाहरण म्हणून आम्ही देत नाही. पण यिर्मयाच्या पत्रातील नगराच्या कल्याणाचा अर्थ समजावून सांगताना सुरतेतील श्रोत्यास ते लगेच पटेल. तो झाडू हाती असणाऱ्यांत आपल्या मंडळीतील माणसेही असू शकतात.

म्हणून आमच्या पाळकबंधूंस व धर्मशिक्षकांस विनंती अशी की, ‘आज जगा’ हा उपदेश टाकू नये. परंतु तो करण्यापूर्वी स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. ज्यास मी हे सांगत आहे, त्याचे दुःख मी आज ऐकून घेतले आहे काय? त्याच्या घरी उद्याची काळजी कोण वाहत आहे, आणि माझ्या उपदेशाने तिचे ओझे उतरेल की वाढेल? आणि त्याच्या आजच्या दिवसास मंडळी कोणते काम, कोणता हात व कोणता शेजार देणार आहे? गावाकडच्या मंडळीतील नाव न काढता येथील मंडळीतही त्याला सभासद करून घेण्याची तरतूद व्हावी. भाड्याच्या खोलीतही गृहाशीर्वादाची प्रार्थना व्हावी. नगावर काम करणाऱ्या बायांच्या सवडीची वेळ पाहून प्रार्थनासभा ठेवावी. या लहान गोष्टी आहेत. परंतु बाबेलास गेलेल्या पत्रात घर, बाग व लग्न याच गोष्टी होत्या, आणि ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंचा मोठा झगडा पाण्याच्या एका भांड्यापाशी चालला होता.